खांदेश्वर ते राणीची बाग : द्रव्यपरिचयासाठी एक दिवस

आजच्या वैद्यकव्यवसायात द्रव्य वैद्यापर्यंत पोहोचते ते वाळलेल्या, कुटलेल्या किंवा बाटलीबंद स्वरूपात. पदवी अभ्यासक्रमात द्रव्यगुण शिकताना हर्बेरियमचे कागद हाताळलेले असतात, महाविद्यालयाच्या उद्यानात एखादी फेरी झालेली असते; त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे व्यवसाय करूनही ज्या वृक्षाची साल आपण नित्य वापरतो तो वृक्ष पुन्हा डोळ्यांनी पाहण्याचा योग येत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की गुराखी, मेंढपाळ व वनात राहणारे लोक ओषधी नावाने आणि रूपाने ओळखतात, परंतु तेवढ्याने उपयोगाचे ज्ञान होत नाही. नाम, रूप आणि योजना हे तिन्ही जाणणाराच खरा जाणकार. आपली स्थिती त्या गुराख्याच्या नेमकी उलट झाली आहे. नाव आपल्याला ठाऊक आहे, योजनाही ठाऊक आहे; मधले रूप तेवढे हरवले आहे.

हे रूप हरवल्याची किंमत रुग्ण मोजतो. अपेक्षित गुण आला नाही की आपण निदान पुन्हा तपासतो, मात्रा वाढवितो, अनुपान बदलतो. साल नेमकी कोणत्या झाडाची होती हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, बहुधा येतच नाही. फार्मसीमालकांची अडचण याहून मोठी आहे. त्यांच्या एका पोत्यातील चूक शेकडो रुग्णांपर्यंत जाते. म्हणून खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल व पनवेल परिसरातील सभासदांनी वर्षातून निदान एक दिवस जिवंत वृक्षांच्या सहवासात काढावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी दूर सह्याद्रीत जावयास हवे असे नाही. कर्नाळ्याचे अभयारण्य आपल्या शेजारी आहेच. परंतु निरनिराळ्या देशांतील व प्रदेशांतील वृक्ष एकाच आवारात, सपाट वाटांवरून, वयोवृद्ध वैद्यांनाही सहज फिरून पाहता यावेत अशी जागा म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, अर्थात आपली राणीची बाग.

आधी घरचा तलाव

बागेकडे निघण्यापूर्वी आपल्या दारातील पाण्याविषयी थोडे. खांदेश्वर स्थानकास ज्या महादेवाचे नाव मिळाले त्या देवालयालगत तलाव आहे. देऊळ, तळे आणि काठावरची झाडे ही जोडी महाराष्ट्रात गावोगावी आढळते. सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, रेल्वे आली, तरी ही जोडी येथे टिकून राहिली, ही समाधानाची गोष्ट होय.

तलाव पाहिला की वैद्याला पद्म आणि कुमुद आठवावेत. व्यवहारात या दोहोंचा गोंधळ फार होतो. फुलविक्रेते दोन्हींना सर्रास कमळच म्हणतात. जेथे ही दोन्ही फुलतात अशा कोणत्याही तळ्याकाठी उभे राहून पाहिल्यास भेद एका दृष्टिक्षेपात कळतो. कमळाचे पान ढालीसारखे गोल व अखंड असते, देठ त्याच्या मध्यभागी खालून जोडलेला असतो आणि वाढलेली पाने पाण्याच्या वर उचललेली असतात. पानावर पाणी ठरत नाही. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते आणि देठाच्या जागेपर्यंत त्यास खाच असते. कमळाच्या फुलात मध्यभागी शंकूसारखी कर्णिका असते व तिच्या खळग्यांत बिया बसलेल्या असतात; हेच कमलाक्ष. कुमुदात अशी कर्णिका नाही. पद्मकेशर म्हणून जे द्रव्य आपण मागवितो ते कमळाचे पुंकेसर असावयास हवे. ते कर्णिकेभोवती असतात, हे ज्याने फुलात पाहिले आहे त्याला पुडीतील भुगा तपासताना काय शोधावयाचे ते कळते. येथे एक जोडगैरसमजही सांगून टाकतो. लाह्या करून खातात तो मखाना कमळाचे बीज नव्हे. ती वेगळी, काटेरी पानांची पाणवनस्पती असून तिचे मोठे उत्पादन बिहारमध्ये होते.

परंतु पाहणे वेगळे आणि गोळा करणे वेगळे. शहरी तलावांत निर्माल्य पडते, मूर्तिविसर्जन होते, पावसाळ्यात रस्त्यांवरचे पाणी येते. पाणवनस्पती पाण्यातील व गाळातील जड धातू शोषून घेतात. निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी बंधनकारक झाली आणि शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष अशा मर्यादा ठरल्या, हे फार्मसीमालकांना सांगावयास नकोच. कॅडमियमची मर्यादा किती अल्प आहे ते पाहावे. दहा लाखांत एक भागही नाही. चरकाचार्यांनी कल्पस्थानात द्रव्यसंग्रहास अयोग्य भूमी सांगताना स्मशान, चैत्य, देवपूजेची जागा, सभास्थान, वारूळ, खारवट जमीन यांच्या बरोबरीने आराम म्हणजे उद्यानही वर्ज्य मानले आहे. देवळालगतचा तलाव आणि नगरातील बाग, या लेखातील दोन्ही स्थळे संग्रहासाठी शास्त्रानेच बाद ठरविलेली आहेत. म्हणून येथे जावयाचे ते रिकाम्या हाताने परत येण्यासाठीच.

बागेचा पूर्वेतिहास

राणीच्या बागेची मुळे शिवडीत आहेत. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान सोसायटीची वनस्पतिबाग तेथे होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्याने १८६१ मध्ये भायखळ्याच्या माउंट इस्टेटीवर नव्या बागेची आखणी झाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. आरंभीचे क्षेत्र सुमारे ३३ एकर होते. १८७३ मध्ये बागेचा कारभार मुंबईच्या नगरपालिकेकडे आला. १८९० मध्ये प्राण्यांसाठी दक्षिणेकडील सुमारे १५ एकर जागा जोडण्यात आली. याचा अर्थ असा की ही बाग प्रथम वनस्पतींची होती आणि वाघ-हत्ती तेथे पुढे आले. आज बहुसंख्य लोक तिला प्राणिसंग्रहालय समजून जातात. २०१७ मध्ये पेंग्विनांचे दालन खुले झाल्यापासून तर गर्दीचा ओघ तिकडेच असतो. आपल्यास ते सोयीचेच आहे. झाडांखाली निवांतपणे उभे राहता येते.

बागेत तीन हजारांहून अधिक वृक्ष असून त्यांच्या जाती २८० हून अधिक आहेत, अशी नोंद वृक्षप्रेमी अभ्यासकांनी केली आहे. मुंबईसारख्या शहराच्या मध्यभागी दीडशे वर्षांहून अधिक काळ एवढी वृक्षसंपदा टिकली, हे सहज घडलेले नाही. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य पुनर्रचनेची योजना पुढे आली तेव्हा जुन्या वृक्षांना धोका आहे हे ओळखून नागरिकांनी व वनस्पतिअभ्यासकांनी नेटाने विरोध केला. या खटपटीत वैद्यसमाजाचा आवाज फारसा ऐकू आला नाही, याची आम्हांस खंत वाटते. ज्यांच्या औषधाचा आधारच वृक्ष आहेत त्यांनी तेथे पहिल्या रांगेत असावयास हवे होते.

अशोक : या सहलीचे मुख्य कारण

बागेत पाहण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु ज्यांस एकच वृक्ष पाहण्यापुरता वेळ आहे त्यांनी सीताअशोक पाहावा. स्त्रीरोगांत अशोकारिष्ट न वापरणारा वैद्य विरळा, आणि ते न करणारी फार्मसीही विरळा. मागणी प्रचंड, आणि खरा वृक्ष मात्र निसर्गात दुर्मीळ होत चाललेला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्याची गणना असुरक्षित जातींत केलेली आहे. मागणी व पुरवठा यांतील ही दरी ज्याने भरून निघते तो पदार्थ कोणता, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. डीएनए बारकोडिंगच्या पद्धतीने झालेल्या तपासण्यांत बाजारात अशोकसाल म्हणून विकले जाणारे बरेच नमुने अन्य वृक्षांचे निघाले आहेत.

गोंधळाचे मूळ नावात आहे. नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणालगत, शाळांच्या आवारात, बंगल्यांच्या फाटकाशी जे उंच, सरळ, खाली झुकलेल्या पानांचे झाड ओळीने लावलेले असते त्यास सर्वजण अशोकच म्हणतात. हा आसुपालव, म्हणजे खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुळातील. आपला सीताअशोक शिंबी कुळातील. दोघांचे नाते नावापलीकडे काहीच नाही.

झाडासमोर उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात. आसुपालवाचे पान साधे, एकेकटे, लांबट, कडा लाटांसारख्या नागमोडी. सीताअशोकाचे पान संयुक्त. एका दांड्यावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही, कडा सपाट. कोवळी पालवी तांबूस, लुळी, लोंबती असते. काही दिवसांनी ती ताठ व हिरवी होते. फुले साधारणतः माघापासून चैत्रापर्यंत येतात, फांद्यांवर व जून खोडावरही गुच्छांनी येतात, प्रथम पिवळसर नारिंगी व पुढे लाल होतात. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ते खरे तर संदले होत. या फुलास पाकळ्या नाहीतच, आणि लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. शेंग चपटी व चिवट. आसुपालवाची फुले हिरवट पिवळी, चांदणीसारखी, पानांत दडलेली. त्यास शेंग येत नाही, लहान अंडाकृती फळांचे घोस येतात.

पान-फुलांचा भेद एकदा पाहिला की विसरला जात नाही. खरी परीक्षा सालीची, कारण पोत्यात पाने नसतात. आयुर्वेदिक फार्माकोपियात अशोकसालीचे वर्णन दिलेले आहे व ते प्रत्यक्ष खोडाशी ताडून पाहण्यासारखे आहे. बाहेरील पृष्ठ गडद हिरवट ते हिरवट करडे, त्यावर गोल वातरंध्रांचे ठिपके व आडव्या कंगोऱ्यांच्या खुणा, आतील पृष्ठ तांबूस तपकिरी, त्यावर उभे बारीक तंतू, बाह्य त्वचेच्या लगेच खाली एक पातळ, पांढरट, अखंड थर, मोडल्यास तुकडा चिरफळ्या होऊन तुटतो, रस कषाय. आसुपालवाची साल तंतुमय असून तिच्या लांब पट्ट्या सोलून निघतात, आणि चवीस कडवटपणा येतो. वाळलेल्या सालीचा तुकडा बरोबर न्यावा, दहापट मोठे दाखविणारे भिंग न्यावे, आणि खोडाच्या पृष्ठभागाशी तुकड्याचे बाह्यांग ताडावे. खोडास नख लावण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाडांना संरक्षण आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की अशा बागेतील एका वृक्षाची साल काढणे म्हणजे पुढे येणाऱ्या शंभर वैद्यांचा ग्रंथ फाडणे होय.

आमच्या परिचयातील एका लहान फार्मसीत घडलेला प्रसंग येथे सांगणे उचित होईल. अशोकसालीची नवी खेप आली. दर नेहमीपेक्षा उतरलेला होता, म्हणून मालक आनंदात होते. कुटाईवर काम करणाऱ्या एका वृद्ध कामगाराने मात्र ती साल फुटत नाही, सुतळीसारखी सुटते आहे, अशी तक्रार केली. सर्वांनी तिकडे काणाडोळा केला. शेवटी एका तरुण वैद्याने, ज्याने महिन्यापूर्वीच बागेत झाड पाहिले होते, तुकडा मोडून त्यात पांढरा थर नाही हे दाखविले आणि ती खेप परत गेली. त्या कामगारास रूप ठाऊक होते, फक्त कोणी विचारले नव्हते.

ग्रंथांकडे वळल्यास असे दिसते की चरकाने अशोकाची गणना वेदनास्थापन महाकषायात केली आहे, सुश्रुताने तो रोध्रादि गणात घेतला आहे, आणि रक्तप्रदरात अशोकसालीने सिद्ध केलेले दूध चक्रदत्ताने सांगितले आहे. अरिष्टाचा पाठ भैषज्यरत्नावलीतील. ज्यांना सालीची खात्री पटविता येत नाही त्यांनी निदान काही रुग्णांत हा क्षीरपाकाचा प्राचीन प्रयोग स्वतः करवून घ्यावा, कारण त्यात साल भरड स्वरूपात रुग्णाच्या घरी जाते व जाण्यापूर्वी वैद्याच्या नजरेखालून जाते. बाटलीत काय आहे ते नजरेला कधीच कळत नाही.

कैलासपती, नागकेशर आणि कांचन

बागेतील कैलासपती पाहताना आपल्या खांदेश्वराची आठवण व्हावी. खोडावरच लोंबणारी फुले, फुलात फणा उगारल्यासारखा पुंकेसरांचा पडदा व त्याखाली पिंडीसारखा भाग, यांमुळे शिवभक्तांनी या वृक्षास आपले मानले. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तोफगोळ्याएवढी फळे धरतो व ती पिकल्यावर उग्र दर्प येतो. संहितांत त्याचा उल्लेख असणे शक्य नाही, तरीही काही ठिकाणी त्यास नागचाफा वा नागकेशर म्हणतात आणि तेथून घोटाळा सुरू होतो.

खरे नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातील पिवळे पुंकेसर. तो सदाहरित, कठीण लाकडाचा, अरुंद चकचकीत पानांचा वृक्ष; फुले पांढरी, चार पाकळ्यांची, मध्ये सोनेरी पुंकेसरांचा झुबका. बाजारात मात्र या नावाने तीन निरनिराळे पदार्थ मिळतात. कोकणातील सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जातात. तमालपत्राच्या जातकुळीतील वृक्षांची कोवळी फळे काळे नागकेशर म्हणून येतात. आणि खरे केशर क्वचितच येते, कारण ते गोळा करण्यास मजुरी फार पडते. सुरंगी सुगंधी आहे, तिला स्वतःचे गुण असतील. पण प्रतिनिधी द्रव्य घ्यावयाचे तर ते जाणूनबुजून व लेबलावर नोंदवून घ्यावे. दुकानदाराने दिले म्हणून घेतले यास प्रतिनिधी म्हणत नाहीत.

कांचनाविषयी थोडक्यात. कांचनार गुग्गुळासाठी लागणारा कांचनार माघ-फाल्गुनात, झाड बहुतांश निष्पर्ण असताना फुलतो आणि त्याच्या फुलात पाच पुंकेसर कार्यक्षम असतात. मुंबईत रस्त्यांकडेला लावलेला, पावसाळा संपताना व पुढे हिवाळ्यात पाने असतानाच फुलणारा जांभळा कांचन वेगळा. त्याचे पुंकेसर बहुधा तीन. शोभेसाठी लावलेला गडद फुलांचा तिसरा एक संकर आहे, तो शेंगा धरत नाही. तिघांचीही पाने मध्ये चिरलेली असल्याने केवळ पानावरून निर्णय करू नये. दसऱ्यास सोने म्हणून वाटतो तो आपटा याच गणातला, पण त्याचे पान पुष्कळ लहान.

कृष्णवडही बागेत आहे. पान बुडाशी द्रोणासारखे वळलेले, लोण्याची कथा सर्वांस ठाऊक. ज्यांस पंचवल्कलाची खरी आस्था आहे त्यांनी मात्र वड, पिंपळ, उंबर यांच्यापाशी न थांबता प्लक्ष व पारीष शोधावेत. व्रणधावनासाठी पंचवल्कल वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी पारीष पाहिला आहे? त्यासाठी भायखळ्यासही जावयास नको. पारोसा पिंपळ हा समुद्रकाठचा, खाडीकाठचा वृक्ष. पान पिंपळासारखे पण शेपटी आखूड, फूल भेंडीसारखे पिवळे, सायंकाळी तांबूस होणारे. आपल्या पनवेल खाडीच्या बाजूला नजर ठेवून फिरावे.

गोरखचिंचेच्या अजस्र बुंध्यापाशी सगळे छायाचित्र काढतात, आपणही काढावे. मूळ आफ्रिकेचा हा वृक्ष बहुधा अरब व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला. ब्रह्मदेशाकडील उर्वशी फुललेली मिळाल्यास तो भाग्ययोग समजावा. औषधात तिचा उपयोग आम्हांस ठाऊक नाही, पण वैद्याने केवळ सुंदर म्हणून काही पाहू नये असे कोठे लिहिलेले नाही.

डॉ. भाऊ दाजी आणि तुवरक

बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने खुले झाले व १९७५ मध्ये त्यास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. त्याच १८७२ साली आपल्या पनवेलीत पुराणिक कुटुंबाने श्री धूतपापेश्वर या औषधी कारखान्याचा पाया घातला. योगायोगच, पण पनवेलकर वैद्यांनी लक्षात ठेवावा असा.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या या गृहस्थाने संस्कृत ग्रंथ, शिलालेख व देशी वनौषधी यांचा ध्यास घेतला. संग्रहालयाच्या व बागेच्या उभारणीत जॉर्ज बर्डवूड यांच्यासह त्यांचा मोठा वाटा होता. कुष्ठरोग्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे देशी औषधाचे प्रयोग केले. औषधाची माहिती ते गुप्त ठेवतात अशी टीका त्यांना हयातीत सोसावी लागली; १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या औषधाचा आधार कडू कवठीच्या बियांचे तेल हा होता.

कडू कवठ म्हणजेच आपला तुवरक. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत वाढणारा वृक्ष म्हणून त्याचे वर्णन केले आहे, पावसाळ्यात पक्व फळे घेऊन मज्जेचे तेल काढण्याची रीत दिली आहे आणि कुष्ठ व मधुमेहात त्याची योजना सांगितली आहे. पश्चिम समुद्राचा काठ म्हणजे आपलाच प्रदेश. याच कुळातील ब्रह्मदेशीय वृक्षाचे चालमोगरा तेल पुढे जगभर गेले. हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९१५-१६ च्या सुमारास ते सुईवाटे देता येईल अशा रूपात आणले, आणि १९४० च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे येईपर्यंत कुष्ठरोगावर तोच मुख्य आधार होता. आज कुष्ठरोग्यास शासनाची बहुऔषधी चिकित्सा विनामूल्य मिळते व तीच दिली पाहिजे, यात शंका नाही. पण ग्रंथातील देशवर्णन, किनाऱ्यावरचा वृक्ष व रुग्णाचा देह यांची सांगड भाऊ दाजींनी घातली, ती ग्रंथ आणि झाड दोन्ही पाहिल्यामुळे.

संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्यावरून त्या बेटास परकीयांनी एलिफंटा म्हटले. अर्धा तास त्याच्यासाठीही ठेवावा.

जाण्याविषयी काही सूचना

खांदेश्वरहून हार्बर मार्गाच्या गाडीने कुर्ल्यास उतरावे, तेथून मध्य रेल्वेची धीमी गाडी घेऊन भायखळा, आणि पूर्वेकडे बाहेर पडावे. बुधवारी उद्यान बंद असते. रविवार टाळावा, दवाखान्याची सुटी असली तरी गर्दीत झाड पाहता येत नाही. उत्तम काळ माघ-फाल्गुन, म्हणजे अशोक व कांचन दोन्ही साधतात. ज्यांना जमेल त्यांनी त्याच झाडांकडे पावसाळ्यानंतर पुन्हा जावे, कारण फूल नसताना झाड ओळखता आले तरच ते ओळखले असे म्हणता येईल.

आठ-दहा जणांहून मोठा गट नसावा. गटात एक द्रव्यगुणाचे अध्यापक, एक वनस्पतिशास्त्राचा जाणकार आणि फार्मसीतील कच्चा माल स्वीकारणारी व्यक्ती असावी. ही शेवटची व्यक्ती आग्रहाने न्यावी. मालक व वैद्य सहलीस जातात आणि पोते उघडणारा माणूस गोदामातच राहतो, हे आम्ही वारंवार पाहतो. प्रत्येकाने आपल्या साठ्यातील पाच द्रव्यांचे तुकडे स्वतंत्र पुड्यांत, खरेदीचा दिनांक व खेपेचा क्रमांक लिहून, बरोबर घ्यावेत. झाडावर नावाची पाटी असली तरी आधी पाटी न वाचता ओळखण्याचा यत्न करावा. छायाचित्र घेताना पूर्ण झाड, खोड, पानाची दोन्ही पृष्ठे व फूल अशी चार घ्यावीत. केवळ फुलाचे छायाचित्र गोदामात काहीच कामाचे नाही. खाली गळलेले पान वा शेंग उचलण्यापूर्वीही उद्यानातील कर्मचाऱ्यांस विचारावे.

परतल्यावर त्याच आठवड्यात पुड्या पुन्हा उघडाव्यात. जो तुकडा वृक्षाशी जुळला त्यातील थोडा भाग काचेच्या बरणीत प्रमाण नमुना म्हणून ठेवावा आणि पुढील प्रत्येक खेप त्याच्याशी ताडावी. जो जुळला नाही तो वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाकडे वा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवावा व अहवाल येईपर्यंत त्या खेपेतील माल कुटाईस देऊ नये.